उजव्या काठावरचा हात

१

बावीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले आणि एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. पोलीसपाटलाने नाही, जन्म दिलेल्या आईने नाही, नवऱ्याने तर नाहीच. "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय" हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी म्हणालं तर मी विचारते, पुढे बोल, नवीन काय?

मी गोजराबाई. नाशिकला सिडकोत आमची व्हिडिओ लायब्ररी होती. नवरा नवनाथ सातपूरला कंपनीत, दुकान माझं. (नवऱ्याचं नाव घेते म्हणून सासू मरेपर्यंत माझ्यावर फुगलेली होती. घेते. नाव घेतल्याने तो काय झिजतो का?) शिक्षण चौथी. पण कॅसेटचा प्रिंट कसा आहे ते मी पाच मिनिटांत सांगायचे. "गोजराताई, प्रिंट कसाय?" असं विचारल्याशिवाय गिऱ्हाईक कॅसेट उचलत नसे.

नवीन माल तपासल्याशिवाय मी रॅकवर लावला नाही, कधीच नाही. तपासायच्या जागा तीन. पहिला लाल रंग. प्रिंट वाईट असला की लाल फुटतो, बाईची साडी तिच्या गालापर्यंत पसरते. दुसरे डोळे. गर्दीतल्या मागच्या माणसाला डोळे दिसले तर माल चांगला, नुसते खड्डे दिसले तर कॉपीची कॉपी. आणि तिसरा काठ. काठ कुणी बघत नाही. पिक्चर असतो रुंद, टीव्ही चौकोनी. मग कॅसेट काढणारे दोन्ही बाजू कापतात. चांगले असतील ते कमी कापतात, चोर असतील ते हिरोचं अर्धं डोकं कापतात. कापलेल्या भागात काय चाललंय ते टीव्हीवर बघणाऱ्याला कधी कळत नाही.

हे आधी सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे ते वेड्या बाईचं बोलणं नाही. धंद्याचा डोळा आहे.

२

माझं माहेर पिंपळगाव बसवंतपासून पायी तासाभरावर. भाजीचे मळे, मधून पाट. त्र्याऐंशी साली तिथे शूटिंग आलं. पिक्चरचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही शोधाल, लावाल, आणि उजवीकडे बघाल.

त्यांना जत्रा हवी होती. आमची जत्रा चैत्रात, आणि त्यांना तेवढं थांबायचं नव्हतं. म्हणून त्यांनी पाटाच्या कडेला खोटी जत्रा उभी केली. पाळणा खरा, फुगे खरे, गुळात घोळलेल्या गोडी शेवेचे ढीग खरे. नुसता देव नव्हता. रावजी गुरव सगळ्यांना सांगत फिरला, "देवाला न विचारता जत्रा भरवता, बरं नाय हे." पण जेवण होतं, कॅमेरा होता. गाव नवी लुगडी नेसून गेलं.

मी तेव्हा वीस वर्षांची, नुकतं लग्न झालेली, माहेरपणाला आलेली. धाकटी बहीण रूपाली पाच वर्षांची. वडील तापाने पडलेले म्हणून आई घरीच राहिली. निघताना तिने रूपाचा हात माझ्या हातात दिला. "सोडू नको गोजरा. ती दुसऱ्या कुणाकडं जायची नाय, रडून गाव गोळा करील."

खरंच होतं ते. रूपा तिघींकडेच जायची. आई, मी, आणि आमची चुलती चिमणाबाई. चौथ्या माणसाने हात लावला की पाठ वाकवून अशी किंचाळायची की बैल बिथरायचे.

दुपारी गाणं सुरू झालं. रूपाने एका हातात गोडी शेव धरलेली, दुसरा हात माझ्या उजव्या हातात, दोन्ही चिकट. भोंग्यातून एक जण ओरडला, "लाल साडीवाली बाई, पुढे या! मागे बघू नका, कॅमेरा चालूय!" लाल साडी माझीच. मी गोंधळले. तेवढ्यात उजवीकडून एक हात पुढे आला, रूपाला घ्यायला. मी तिचा हात त्या हातात दिला आणि पुढे चालले. तोंड बघितलं नाही. मागे बघू नका म्हणाले होते. आणि हात इतका ओळखीचा होता की वर बघायची गरजच वाटली नाही.

गाणं संपलं तेव्हा रूपा नव्हती.

पाटाच्या कडेला तिची एक चप्पल मिळाली. पाणी बंद करून पाच मैल पाट तुडवला. दुसरी चप्पल मिळाली नाही, रूपाही मिळाली नाही.

ती रडली असती तर जत्रा थांबली असती. रडली नाही, म्हणजे तिघींतली एक. आई घरी होती. मी रूपाला दुसऱ्याच्या हातात देणारी. राहिली चिमणाकाकू. मी सगळ्या गावासमोर तेच सांगितलं.

काकू म्हणाली, "मी पाळण्यापाशी होते. धा बाया होत्या संगं, इचारा." दहा बायांनी माना हलवल्या.

आई एवढंच म्हणाली, "तुझ्या हातात दिली होती." त्या दिवसापासून तिने माझं नाव टाकलं. मला 'नाशिकवाली' म्हणायला लागली. "नाशिकवालीला च्या द्या." "नाशिकवाली कधी जानार?" मला, पोटच्या पोरीला.

३

पिक्चर थिएटरात आठवडाभर टिकला म्हणे. आमच्या घरात तेव्हा धड चूल पेटत नव्हती, पिक्चर कोण बघतं? कॅसेट आली ब्याण्णव साली. महेश म्हणून आमचा होलसेलवाला होता, मुंबईहून माल आणायचा. "ताई, ओरिजिनल आहे. तुमच्या पिंपळगावकडचं शूटिंग." दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं, तेव्हा लावली.

आधी पाळणा दिसला. मग मी दिसले, लाल साडी फुटून मानेपर्यंत पसरलेली. माझ्या हाताला लटकलेली रूपा. तिच्या तोंडाच्या जागी बोट फिरवून पुसल्यासारखं होतं, पण मला वाटलं, माझा हात सुटतोय म्हणून मुसमुसतेय. आणि उजव्या काठावरून, जिथे पिक्चर कापलाय तिथून, एक हात आत आला. मनगटापर्यंतच. मनगटावर पांढरी रेघ. त्या हाताने रूपाचा हात घेतला आणि कॅमेरा पाळण्याकडे वळला. दोन सेकंद. मी मोजले.

काकूच्या उजव्या हातात चांदीचा गोठ असायचा, जाड कडं. लग्नात घातलेला, कधी काढला नव्हता.

नवनाथ कामावरून आला तोवर मी ते चाळीस वेळा बघितलं होतं. त्याला दाखवलं. "अगं, टेपला ओरखडा आहे," तो म्हणाला. मी दुसऱ्या लायब्ऱ्यांतून आणखी दोन कॅसेट मागून आणल्या. तिन्हीत तीच रेघ. मग महेश शहाणा, "मूळ रिळालाच ओरखडा असेल, ताई."

"ओरखडा पडद्यावर एका जागी उभा राहतो," मी म्हणाले. "ही रेघ हाताबरोबर हलते. मला धंदा शिकवतोस?"

नवनाथ हसला. "हिच्या डोळ्यातच व्हीसीआरचा हेड बसवलाय. स्पिरिट लावून पुसायला पाहिजे."

मी हसले नाही.

४

व्हीसीआर गोधडीत गुंडाळून एसटीने माहेरी नेला. चुलत्याच्या घरी टीव्ही होता. सगळ्यांना बसवलं आणि चिमणाकाकूच्या तोंडावर तो हात दाखवला. पॉज केलं की कॅसेट थरथरते, मधून पट्टी जाते. तो हात तसा थरथरत उभा राहिला.

"बघ," मी म्हणाले. "तुझा गोठ."

काकू टीव्हीजवळ गेली. बराच वेळ बघितलं. मग गोठ काढायला लागली. निघेना. तेल लावून, कातडं सोलवटून काढला आणि माझ्या पुढ्यात फेकला.

"गोजे, डोळे फुटले का तुझे? माझा गोठ गोल हाय. ही रेघ अर्धीच हाय, वाकडी. घाल हा तुझ्याच हातात आणि बघ."

"प्रिंट पुसट आहे म्हणून अर्धी दिसते."

"मग प्रिंट चांगला येऊ दे, तवा ये."

आई कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "नाशिकवालीला यष्टीत बसवून द्या."

काकूची मुलगी अंजली. तिची दोन स्थळं त्या वर्षात मोडली. मी मोडली, दोन्हीकडे जाऊन सांगितलं की हिच्या आईने लेकरू नेलं. खोटं कशाला लिहू? आजही लिहिताना हात अडत नाही. मला खात्री होती. प्रिंट चांगला आला की सगळ्यांना दिसेल, आई मला नावाने हाक मारेल, एवढंच मला हवं होतं.

काकूने गोठ परत हातात घातला नाही.

५

मग सीडीचा जमाना आला. त्याच्या आधी, सत्त्याण्णवमध्ये, भाकरीचा तवा उतरवताना माझ्या हातून निसटला आणि हातावर टेकला. महिनाभर दुकान नवनाथने बघितलं आणि अर्ध्या कॅसेट बुरशीने घालवल्या. त्या वेळेला मी हाताला कमी रडले, कॅसेटला जास्त.

सीडीचा प्रिंट मला कधी पटला नाही. कॅसेट पुसट असते पण प्रामाणिक असते, जे दिसत नाही ते दिसत नाही. सीडी चौकटी पाडते. माणूस जोरात हलला की त्याची वीटभट्टी होते. पण महेश म्हणाला होता, "ताई, ह्यात काठ कमी कापलाय." दोन हजार साली मी ती लावली. कॅसेट एका टीव्हीवर, सीडी दुसऱ्यावर, एकाच वेळी.

काठ खरंच कमी कापलेला. हात आता कोपरापर्यंत होता. मनगटावरची रेघ अर्धीच होती, वाकडी, विळ्यासारखी. कोपरावर पदराचा काठ आलेला, निळा-हिरवा काहीतरी, चौकटीच चौकटी. काकू त्या दिवशी जांभळ्या लुगड्यात होती. सीडीचे रंग भरवशाचे नाहीत, मी मनाला सांगितलं.

पण एक हिशेब जुळेना. कॅसेटवर हात दोन सेकंद होता. सीडीवर तीन. दोन्हीकडे पाळणा तेवढाच फिरला, गाण्याची ओळ एकाच वेळी संपली. हात मात्र एक सेकंद जास्त थांबला. आणि त्या सेकंदात बोटं मिटली, लेकराचा हात धरताना अंगठा आत घेऊन मिटतात तशी. मी परत लावलं. परत तीन. मशीनचा दोष असेल. दुसरं मशीन आणलं. तीन.

नवनाथ मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. तो यावेळी हसला नाही. पुढे आला आणि दोन्ही टीव्ही बंद केले.

"काय दिसलं तुम्हाला?" मी विचारलं.

"काही नाही. आता पुरे हे."

त्या दिवसापासून मी चहा दिला की तो कपाकडे बघायचा नाही, माझ्या हाताकडे बघायचा. एकदा मी ओरडले, "काय बघता?" तर म्हणाला, "काही नाही. चहा गरम आहे ना, ते बघतो."

६

डीव्हीडी आली दोन हजार पाचमध्ये. तोवर दुकानात मोबाइलची रिचार्ज कूपनं जास्त आणि पिक्चर कमी. महेशचे केस पांढरे झालेले. पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाला, "ताई, पूर्ण पिक्चर. कुठेच काप नाही. मूळ रिळावरून साफ करून काढलाय. आता तुमचं समाधान होऊ दे."

मी पाकिटाचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलं नाही. आधी बघितली असती तर म्हणाले असते, नाशिकवालीने काहीतरी केलं. म्हणून निरोप धाडला, सगळ्यांनी या, सगळ्यांसमोर फोडते. आयुष्यात पहिल्यांदा मी माल न तपासता लावणार होते.

रविवारी दुपारी काकूचा मुलगा यादव जीपमधून दोघींना घेऊन आला, आई आणि काकू. दोघी साठीच्या पुढच्या, एकमेकींना धरून उतरल्या. माझ्याकडे बघून काकू म्हणाली, "नटलीस लय. बारसं हाय का?"

नवनाथने आठवड्यापूर्वी साडी आणली होती, मोरपंखी. त्या दिवशीच घडी मोडली होती. माझा दिवस होता तो, का नटू नये?

"बसा काकू. चहा घ्या."

"घेते. भिऊन आले असं समजू नको. डोळ्याचं आपरेशन झालंय, आता सुईत दोरा ओवते. बघू तुझा प्रिंट." मग बसता बसता, "माझ्या अंजलीला तुझ्यामुळं दोन वर्षं बिनलग्नाची ठिवली. आज तुझं तोंड बघायला आले."

"खुर्ची नको," आई म्हणाली, कुणाकडेही न बघता. "नाशिकवालीला सांगा, मी खाली बसते."

यादवने शटर अर्धं ओढलं. खालून उन्हाची एक पट्टी आत आली, आईच्या पायापर्यंत. बाहेर भाजीवाला मेथी ओरडत होता. मी डिस्क घातली, रिमोट नवनाथच्या हातात दिला.

७

वर-खाली काळ्या पट्ट्या, माणसं बारीक, पण काठ पूर्ण. लाल फुटला नव्हता. माझी साडी साडीतच होती. गर्दीतल्या एकेकाला डोळे होते. गावातली मेलेली माणसं ओळखू येत होती. यादव म्हणाला, "ए, ते बघा, रावजी गुरव!" आईने पदर तोंडाला लावला.

डाव्या काठावर, कॅसेटने आणि सीडीने कापून टाकलेल्या जागी, पाळण्याच्या पलीकडच्या खांबाला टेकून दहा बाया उभ्या होत्या. मधे चिमणाकाकू. जांभळं लुगडं. हसत होती. गोठ उन्हात चमकत होता, गोल.

"ही मी," काकू हळूच म्हणाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि त्याच वेळी, त्याच चित्रात, उजवीकडून हात आला.

हाताच्या मागे बाई होती. डोक्यावरून पदर, तोंड पलीकडे. चांगली भरलेली, वयाची. वीस वर्षांच्या माझ्या अगदी मागे, मान वळवल्याशिवाय दिसणार नाही एवढी जवळ उभी. साडी मोरपंखी. तिच्यावर घडीच्या रेघा होत्या, आडव्या, कडक, दुकानातून आणलेल्या साडीवर पहिल्या दिवशी असतात तशा. मनगटावर गोठ नव्हता. भाजल्याचा डाग होता. पांढरा, वाकडा, तव्याच्या कडेचा.

रूपाचं तोंड आता पुसलेलं नव्हतं. मी तेरा वर्षं समजत होते, ती मुसमुसतेय. ती हसत होती. मान वर करून त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं, ओळखलं, आणि शेवेने चिकट झालेला हात तिच्या हातात दिला. एकदासुद्धा माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी तर पुढे चालले होते.

दोघी पाटाच्या बाजूला वळल्या. कॅमेऱ्याला पाळण्याकडे जायला हवं होतं. गेला नाही. तीन सेकंद झाले, चार झाले, पाच झाले, मी मोजत होते. बाईचा पदर डोक्यावरून सरकला. केस पिकलेले. मान वळायला लागली.

नवनाथने पॉज दाबला. डीव्हीडीचा पॉज थरथरत नाही.

"सोडा," मी म्हणाले. "पुढे जाऊ द्या. तोंड दिसू दे."

तो हलला नाही.

"प्रिंट खराब आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला दुरून आला. "महेशने खोटा माल दिला. रंग चुकलेत. असं कुठे असतं? मी आधी तपासायला हवी होती. सांगा ना कुणीतरी, प्रिंट खराब आहे."

बाहेरचा मेथीवाला लांब गेला होता. काकू टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्या साडीकडे बघत होती, मांडीवरच्या घडीच्या रेघांकडे.

आई उठली नाही, बसल्या बसल्या सरकत आली, उन्हाची पट्टी ओलांडून. माझा उजवा हात धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला हात लावला. मनगट उलटं केलं, डाग बघितला. मग माझी मूठ उघडायला लागली. मूठ मिटलेली होती हे मलाच माहीत नव्हतं, अंगठा आत घेऊन, घट्ट. एकेक बोट तिने सोडवलं.

तळहात चिकट होता. गुळाचा वास आला, सगळ्या खोलीत.

आईने हात नाकाशी नेला. डोळे मिटले. परत उघडले तेव्हा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बावीस वर्षांनी माझं नाव घेतलं.

"गोजरा."